भट्टी ओतायला लागली की सेन्सरचा डेटा गळतो: कारण कुठं शोधायचं, दुरुस्ती कशी करायची

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांत (ओतकामाच्या कारखान्यांत) वायरलेस सेन्सरची देखभाल करताना एक तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते. रात्रभर सगळं व्यवस्थित असतं. सकाळी भट्टी तापत असतानाही व्यवस्थित. ओतकाम सुरू झालं की दोन-चार मिनिटांसाठी स्क्रीनवरचे आकडे गोठतात, काही नोड (सेन्सर आणि रेडिओ बसवलेली उपकरणं) लाल होतात आणि मग आपोआप पूर्ववत होतात. पुढच्या हीटला, म्हणजे भट्टीच्या पुढच्या घाण्याला, पुन्हा तेच. भट्टीवरचे मामा सांगतात, "मॅडम, भट्टी वतायला लागली की तुमचं वायरलेस मुकं हुतंय बघा." त्यांचं निरीक्षण अचूक आहे. वेळ त्यांनी बरोबर पकडलेली असते, कारण मात्र वेगळ्या ठिकाणी सापडतं.

मी बोलतेय ते ८०२.१५.४ या कमी विजेवरच्या रेडिओ मानकावर चालणाऱ्या, वेळेचे स्लॉट वाटून घेणाऱ्या नेटवर्कबद्दल. टीएससीएच म्हणतात ती पद्धत. ती २०१२ साली ८०२.१५.४ई या दुरुस्तीतून आली आणि २०१५ च्या मूळ मानकात सामावली गेली. वायरलेसहार्ट या कारखान्यांसाठीच्या वायरलेस मानकाचा पायाही असाच, १० मिलिसेकंदांच्या स्लॉटचा. तुमच्याकडे तयार वायरलेसहार्ट असो की कॉन्टिकी-एनजी या नोडवरच्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर स्वतः बसवलेलं काही, दुखणं एकाच जातीचं असतं. औषध थोडं बदलतं, ते पुढे सांगते.

त्याआधी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. इंडक्शन भट्टीच्या कॉइलचं थंड पाणी बंद पडलं तर भट्टी बंद करणारा इंटरलॉक वायरीनेच असला पाहिजे. वायरलेस नोड त्या पाण्याचं तापमान दाखवेल, नोंदवेल, कल दाखवेल. भट्टी बंद करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. खाली सांगितलेल्या सगळ्या दुरुस्त्या करूनही हा नियम तसाच राहतो.

गेटवे रीस्टार्ट करू नका

आकडे गोठले की पहिला हात गेटवेच्या, म्हणजे सगळ्या नोडचा डेटा गोळा करणाऱ्या पेटीच्या, स्विचवर जातो. बंद करून चालू केला, पाच-दहा मिनिटांनी सगळं सुरळीत झालं, म्हणजे गेटवेच खराब, असा निष्कर्ष निघतो. खरं तर तेवढ्या वेळात ओतकामाची घाई ओसरलेली असते आणि नेटवर्क तसंही सावरलं असतं. उलट रीस्टार्टमुळे सगळे नोड वेळेच्या बंधनातून सुटतात, पुन्हा शोधाशोध करतात आणि नव्याने जोडणीचा गलका होतो. पुरावाही पुसला जातो, कारण नोडवरचे काउंटर शून्यावर येऊ शकतात. काही केलं नाही तरी चालेल, पण एवढं करू नका.

भट्टीच्या विजेवर संशय

इंडक्शन भट्टीच्या विजेमुळे रेडिओ जॅम होतो, हे मी अनेकदा ऐकलंय. मध्यम फ्रिक्वेन्सीची भट्टी काहीशे ते काही हजार हर्ट्झवर चालते. आपला रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे २४० कोटी हर्ट्झवर. या दोन आकड्यांत इतकं अंतर आहे की भट्टीने थेट रेडिओ दाबणं हे शेवटचं कारण समजावं. नोडला मेन्समधून वीज दिली असेल आणि अर्थिंग कच्चं असेल तर सप्लायमधून त्रास होऊ शकतो. ते तपासायला त्या नोडला काही तास बॅटरी लावून बघितलं की पुरतं.

क्रेनचा मुद्दा मात्र खरा आहे. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते. लोखंडी शेडमध्ये लहरी पत्र्यावरून, गर्डरवरून, लॅडलवरून परावर्तित होऊन येतात. लॅडल (वितळलेला धातू वाहणारं भांडं) घेऊन क्रेन सरकली की काही चॅनल बसतात, काही उठतात. टीएससीएचमध्ये चॅनल बदलत राहण्याची सोय त्यासाठीच केलेली आहे. पण चॅनल बदलूनही काही पॅकेट पुन्हा पाठवावी लागतात, आणि लोड वाढण्याची एक वाट तिथून जाते. एखाद्या लिंकवर १०० पैकी ९५ पॅकेट पहिल्या फटक्यात पोहोचत असतील तर एका पॅकेटमागे सरासरी १.०५ वेळा पाठवावं लागतं. तेच प्रमाण ६० वर आलं की १.६७ वेळा. म्हणजे सेन्सरने एकही जादा रीडिंग न देता हवेतला लोड दीडपटीच्या वर गेला.

मोजायचं काय

अंदाजाने अँटेना हलवत बसण्याआधी प्रत्येक नोडकडून चार आकडे मागवा. रांगेत एका वेळी जास्तीत जास्त किती पॅकेट साठली. रांग भरल्यामुळे किती टाकून दिली. पुन:प्रयत्न संपल्यामुळे किती टाकून दिली. पॅरेंट, म्हणजे ज्या नोडमार्फत पॅकेट गेटवेकडे जातात तो, किती वेळा बदलला (त्याच्यामार्फत पाठवणारे नोड ही त्याची मुलं). प्रत्येकाला एक बाइट पुरतो, तापमानाच्या पॅकेटच्या शेपटीला चार बाइट जोडायचे. वेगळं पॅकेट करू नका, नाहीतर मोजणीचाच लोड होतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक हा या सगळ्या निदानाचा कणा आहे. पुन:प्रयत्न संपून पॅकेट जात असतील तर दोष हवेत आहे: लिंक कमजोर, वायफायची गर्दी, क्रेनची सावली. रांग भरून जात असतील तर हवा चांगली असूनही त्या नोडला बोलायला पुरेशी पाळी मिळत नाही. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी हा दुसरा प्रकार निघाला, आणि तो नेमका गेटवेजवळच्या एक-दोन नोडवर. साहजिकच आहे. मागच्या सगळ्यांचं ओझं त्यांच्याच खांद्यावर येतं.

एक सोपी खूणही आहे. एकाच पॅरेंटच्या सगळ्या मुलांच्या पॅकेटचे क्रमांक एकाच वेळी तुटत असतील तर पॅरेंटची रांग बघा. एकाच नोडचे तुटत असतील तर त्याची लिंक बघा.

मग मेल्टिंगचं रजिस्टर मागून घ्या. हीट कधी लागली, टॅपिंग (भट्टीतून धातू काढणं) कधी झालं, ओतकाम कधी संपलं, हे त्यात मिनिटांसकट लिहिलेलं असतं. गळतीच्या वेळा त्याच्या शेजारी लिहून काढा. रजिस्टर भिंतीवरच्या घड्याळावर चालतं आणि सर्व्हर स्वतःच्या, तेव्हा दोन्हींतला फरक आधी नोंदवून ठेवा. चार मिनिटांचा फरक असला तरी ओतकामाआधीची गळती ओतकामानंतरची दिसते आणि सगळा तर्क उलटा फिरतो.

हिशेब: सरासरी कशी फसवते

समजा भट्टीजवळच्या खांबावर एक पॅरेंट नोड आहे. त्याच्याखाली तापमानाचे सहा नोड आणि कंपनाचे तीन: सँड मिक्सर, शॉट ब्लास्टिंग, धूळ ओढणारा पंखा. एरवी तापमानाचा नोड ३० सेकंदाला एक पॅकेट देतो. ओतकाम सुरू झालं की तोच ५ सेकंदांवर येतो, कारण तेव्हाच आपल्याला बारीक नोंद हवी असते. आणि लाईन सुरू होते म्हणून कंपनाचे तिन्ही नोडही त्याच क्षणी नोंद घेतात. १०२४ नमुने, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे २०४८ बाइट. ८०२.१५.४ ची फ्रेम जास्तीत जास्त १२७ बाइटची असते. हेडर आणि सुरक्षा वजा जाता कामाचे ८० बाइट धरले तर एका नोंदीची २६ पॅकेट होतात. तिघांची ७८.

स्लॉटफ्रेम, म्हणजे स्लॉटचं पुन्हा पुन्हा येणारं चक्र, १०१ स्लॉटची, म्हणजे १.०१ सेकंदाची. प्रत्येक मुलाला पॅरेंटकडे पाठवायला त्या चक्रात एक सेल (राखून ठेवलेली पाळी), पॅरेंटला गेटवेकडे पाठवायलाही एकच. एका सेलमधून सेकंदाला साधारण एक पॅकेट जातं.

शांत वेळी पॅरेंटकडे सेकंदाला ०.२ पॅकेट येतात. काहीच अडचण नाही. ओतकामाच्या सुरुवातीला तापमानाची १.२ आणि कंपनाची ३, मिळून ४.२ येतात आणि बाहेर जातं १. कॉन्टिकी-एनजीत बफर मुळात ८ पॅकेटचा असतो. तो अडीच सेकंदांत भरतो. पुढच्या पॅकेटना जागा नाही. कंपनाच्या लोंढ्याच्या त्या २६ सेकंदांत सुमारे १०९ पॅकेट येतात, त्यातली २६ पुढे जातात, ८ रांगेत राहतात आणि ७५ च्या आसपास गळतात. त्यात कंपनाच्या पॅकेटबरोबर कॉइलच्या पाण्याचं तापमानही जातं. (नोडचं सॉफ्टवेअर रांग मोकळी होईल तसं पुढचं पॅकेट देतं असं इथं धरलंय. सगळी २६ एकदम रांगेत टाकत असेल तर १८ घरातच गेली, पॅरेंटपर्यंत पोहोचलीच नाहीत.)

आता तासाला एक हीट आणि दहा मिनिटं ओतकाम धरून तासाची सरासरी काढा. शांत ५० मिनिटांत ६००, ओतकामात ७२०, कंपनाची ७८, एकूण १३९८ पॅकेट. सेकंदाला ०.३९. म्हणजे एका सेलचाही ३९ टक्केच वापर. अहवालात हे नेटवर्क अर्ध्याहून जास्त रिकामं दिसतं, आणि त्याच नेटवर्कमधून दर हीटला महत्त्वाचा डेटा गळत असतो. माझं सगळं म्हणणं या एका आकड्यात आहे. फाउंड्रीतला लोड सरासरीने वागत नाही, तो हीटच्या ठेक्यावर वागतो. नेटवर्कने जुळवून घ्यायचं ते त्या ठेक्याशी.

आपोआप जुळवून घेणारं शेड्युल असूनही?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि रास्त आहे. टीएससीएचवर इंटरनेट प्रोटोकॉल चालवण्यासाठीच्या ६टिश या मानकांतली एमएसएफ पद्धत २०२१ मध्ये आरएफसी ९०३३ (इंटरनेट मानकांचा दस्तऐवज) म्हणून आली. ती लोड बघून सेल वाढवते, कमी करते. तिचं गणित सोपं आहे. पॅरेंटकडे जाणारे किती सेल येऊन गेले आणि त्यातले किती वापरले, हे ती मोजते. १०० सेल उलटले की बघते: ७५ पेक्षा जास्त वापरले असतील तर एक सेल वाढवायची मागणी, २५ पेक्षा कमी वापरले असतील तर एक काढायची, आणि काउंटर पुन्हा शून्य.

वरच्या उदाहरणात हे लावून बघा. हाताशी एकच सेल असेल तर १०० सेल उलटायला १०१ सेकंद लागतात. ओतकाम काउंटरच्या सुरुवातीलाच आलं तर त्याच फेरीत सेल वाढतो. मध्यावर आलं तर आधीचा शांत काळ मोजणीत मिसळतो, ७५ चा आकडा गाठला जात नाही आणि आणखी एक पूर्ण फेरी जाते. म्हणजे पहिला सेल वाढायला साधारण ७० ते १७० सेकंद. कंपनाचा लोंढा २६ सेकंदांत येऊन गेलेला असतो. मामांना दिसणारी दोन-चार मिनिटं इथून येतात.

पुढचा भाग जास्त त्रासदायक आहे. ओतकाम संपलं की लोड पुन्हा ०.२ वर येतो. आता दोन सेल आहेत, वापर १० टक्के, आणि दोन सेल असल्यामुळे १०० ची फेरी ५० सेकंदांत पूर्ण होते. मिनिट-दोन मिनिटांत वाढवलेला सेल काढून टाकला जातो. पुढची हीट सुरू होते तेव्हा नेटवर्क पुन्हा एका सेलवर उभं असतं. तक्रार दर हीटला परत येते ती यामुळे. पद्धत नेमून दिलेलं काम चोख करते. सावकाश बदलणाऱ्या लोडसाठी ती चांगलीच आहे, आपल्या लोडची उडी मात्र तिच्या फेरीपेक्षा लहान आहे.

सेल मागायची बोलणीसुद्धा पॅकेटनेच होतात. रांग भरलेली असताना 'मला सेल वाढवून द्या' ही विनंतीही त्याच रांगेत शेवटी उभी राहते. एसटी स्टँडवर जादा गाडीची मागणी करायला चौकशी खिडकीच्याच रांगेत उभं राहावं लागावं, तसं. त्यातच गळतीमुळे लिंकचा दर्जा खालावलेला दिसला की मुलं पॅरेंट बदलतात. नव्या पॅरेंटकडे त्यांच्यासाठी सेल नसतात, पुन्हा बोलणी, पुन्हा लोड. चौथा काउंटर, पॅरेंट बदलाचा, ओतकामाच्या वेळी उडी मारत असेल तर तुमच्याकडे हेच चाललंय. पॅरेंट बदलण्याचा उंबरठा खूप खाली आणला असेल तर परत वर न्या. एमआरएचओएफ या पॅरेंट निवडण्याच्या पद्धतीच्या मानकात तो मुळात १.५ ईटीएक्स (एका पॅकेटमागे लागणारे सरासरी प्रयत्न) असतो आणि तो विचारपूर्वक ठेवलेला आहे.

दुरुस्ती, ज्या क्रमाने मी करते

लोंढा उगमाशीच मोडा. यात पैसा लागत नाही. कंपनाच्या तीन नोडना एकाच क्षणी नोंद घ्यायची खरोखर गरज नसते. नोड क्रमांकावरून प्रत्येकाला तीन-तीन मिनिटांचं अंतर द्या. नोंद झाल्यावर २६ पॅकेट एकामागोमाग न सोडता दर ४ सेकंदांना एक सोडा. १०४ सेकंदांत नोंद पोहोचते आणि कंपनाचा लोड सेकंदाला ३ वरून पाव पॅकेटवर येतो.

त्याहून चांगलं म्हणजे कच्ची नोंद पाठवूच नका. वेगाचं आरएमएस मूल्य (एक प्रकारची सरासरी), कमाल मूल्य, क्रेस्ट फॅक्टर (या दोन्हींचं गुणोत्तर) आणि स्पेक्ट्रममधली मोठी शिखरं हे सगळं एका पॅकेटमध्ये बसतं. यंत्राची तब्येत सांगायला आयएसओच्या १०८१६ मालिकेत आणि तिची जागा घेणाऱ्या २०८१६ मध्येही मिलिमीटर प्रति सेकंदातलं आरएमएसच वापरतात. कच्ची नोंद मागितली तरच द्यावी, तीही दुपारच्या सुट्टीत. नोड जुने असतील, प्रोसेसरला हे जमत नसेल, तर वरचा सावकाश सोडण्याचा मार्ग आहेच.

दुसरं, गेटवेजवळच्या पॅरेंटसाठी किमान सेल बांधून ठेवा. आपोआप कमी होऊ द्यायचे ते त्या मर्यादेपर्यंतच. वरच्या उदाहरणात सावकाश सोडल्यानंतर ओतकामाचा लोड १.४५ येतो. तीन सेल बांधले तर सेकंदाला २.९७ पॅकेटची वाट मिळते, वापर ४९ टक्के. क्रेन आडवी येऊन पोहोचण्याचं प्रमाण ७० टक्क्यांवर आलं तरी लोड २.०७ होतो आणि वापर ७० टक्क्यांत राहतो. मी हिशेब नेहमी असा वाईट दिवसाचा करते. पॅरेंट आणि गेटवे यांच्यामध्ये आणखी एखादा नोड असेल तर तिथंही तेवढेच सेल हवेत, नाहीतर गळती एक टप्पा पुढे सरकते इतकंच.

"बॅटरी खाईल की," हा आक्षेप लगेच येतो. टीएससीएचमध्ये पाठवणाऱ्याकडे पॅकेट नसेल तर तो झोपूनच राहतो. ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक सेलला थोडं जागं व्हावं लागतं, पॅकेट आलं नाही तर साधारण २.२ मिलिसेकंद. रेडिओ ऐकताना २० मिलिअँपिअर घेतो असं धरलं, तर १.०१ सेकंदात एकदा ऐकण्याचा सरासरी खर्च ४४ मायक्रोअँपिअरच्या आसपास, वर्षाला ०.३८ अँपिअर-तास. डी आकाराच्या लिथियम थायोनिल क्लोराइड बॅटरीत साधारण १९ अँपिअर-तास असतात. दोन जादा सेल तिला जड नाहीत. आणि गेटवेच्या बाजूला ऐकणारा गेटवेच असतो, तो विजेवर चालतो. तिथं सेल वाढवायला कंजुषी करायचं कारणच नाही.

तिसरं, वाढवण्याचे आणि काढण्याचे नियम वेगळे ठेवा. वाढवताना रांग बघा: अर्धी भरली की लगेच, आणि एकदम दोन-तीन सेल मागा. सेलची बोलणी ज्याने होतात त्या ६पी प्रोटोकॉलमध्ये एका विनंतीत अनेक सेल मागता येतात. ही विनंती रांगेत सर्वांच्या पुढे गेली पाहिजे. काढताना मात्र घाई नको. दोन हीटमध्ये जेवढा वेळ जातो त्याहून जास्त काळ शांतता असेल तरच सेल काढा. तासाला हीट असेल तर दीड तास थांबा. १०० ची मर्यादा २० वर आणून काम भागवण्याचा मोह होतो. त्याने वेग येतो, पण चार पॅकेट इकडची तिकडं झाली तरी सेल वाढतात-कमी होतात आणि बोलण्यांचाच लोड होतो. मी ते करत नाही.

चौथं, रांगेत कोणाला जागा द्यायची ते ठरवा. तापमानाचं नवं रीडिंग आलं आणि त्याच नोडचं जुनं अजून रांगेत असेल तर जुनं काढून नवं ठेवा. तीस सेकंदांपूर्वीच्या तापमानासाठी आताच्या तापमानाला बाहेर उभं करण्यात अर्थ नाही. कंपनाच्या तुकड्यांना रांगेतल्या अर्ध्याहून जास्त जागा कधीच देऊ नका.

अलार्मला सर्वांत वरचा दर्जा द्यावा असं सहज वाटतं. वायरलेसहार्टने मात्र चार दर्जे ठरवताना अलार्म सर्वांत खाली ठेवलाय, आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या आज्ञा सर्वांत वर. एका बिघाडातून वीस अलार्म एकदम निघाले तरी नेटवर्क गुदमरू नये, हा त्यामागचा विचार. अलार्मवर वेळेचा शिक्का असतो, तो दोन सेकंद उशिरा आला तरी घटना कधी घडली ते कळतं. मला ही रचना पटते. ज्या गोष्टीला दोन सेकंदही थांबता येत नाही, तिची जागा वरच्या इंटरलॉकच्या वायरीत आहे.

लाईट जाऊन आल्यावरची गळती

हा वेगळा प्रकार आहे, पण तक्रार त्याच शब्दांत येते. फीडर ट्रिप झाला, दहा मिनिटांनी लाईट आली. बॅटरीवरचे नोड जिवंतच होते, पण गेटवे आणि मेन्सवरचे राउटर बंद पडल्याने वेळ देणारं कोणी उरलं नव्हतं. घड्याळांत ४० पीपीएमचा (दहा लाखांत ४०) फरक धरला तर २५ सेकंदांत एक मिलिसेकंद चूक साठते, आणि ऐकण्याची खिडकी दोन्ही बाजूंना साधारण तेवढीच असते. त्यामुळे थोड्याच वेळात सगळे सुटतात. लाईट आल्यावर सगळे एकदम परत येतात. आरएफसी ८१८० च्या किमान रचनेत जोडणीसाठी स्लॉटफ्रेममध्ये सर्वांना मिळून एकच सामायिक सेल असतो. नेटवर्कची जाहिरात करणारी पॅकेट, मार्गाचे निरोप, जोडणीच्या विनंत्या, सगळं त्याच एका सेलवर आदळतं.

इथं सर्वांत मोठा फरक छोट्या यूपीएसने पडतो. गेटवे आणि पहिल्या टप्प्यातले राउटर त्यावर ठेवा. त्यांना लागणारी वीज इतकी कमी असते की साधा यूपीएस बराच वेळ पुरतो. दुसरं, मधल्या काळात नोडने साठवलेला डेटा एका दमात ओतू देऊ नका. ताजं रीडिंग आधी, जुनं मागून, दर काही सेकंदांना एक. सुरुवातीला काही मिनिटांसाठी सामायिक सेल दोन-तीन करून नंतर कमी करता आले तर जोडणी लक्षणीय लवकर उरकते.

ऑर्केस्ट्रा वापरत असाल तर

कॉन्टिकी-एनजीतला ऑर्केस्ट्रा सेलसाठी बोलणी करत नाही, नोडच्या पत्त्यावरूनच स्लॉट ठरवतो. बोलण्यांचा गलका नाही ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तो मुळात ऐकणाऱ्याच्या नावाने स्लॉट देतो आणि युनिकास्टची स्लॉटफ्रेम १७ ची असते. म्हणजे पॅरेंटला ऐकायला १७० मिलिसेकंदांतून एकच स्लॉट, सेकंदाला जेमतेम ५.९. आणि त्या एका स्लॉटवर नऊ मुलं भांडणार. शांत वेळी हे छान चालतं, ओतकामाला टक्करी सुरू होतात. इथं तिसरा काउंटर वाढलेला दिसेल आणि तुम्ही हवेला दोष द्याल, हे लक्षात ठेवा. पाठवणाऱ्याच्या नावाने स्लॉट देण्याचा पर्याय आहे, तो लावा, आणि स्लॉटफ्रेमची लांबी एवढी ठेवा की एकाच पॅरेंटच्या दोन मुलांना एकच स्लॉट येणार नाही.

तयार वायरलेसहार्ट असेल तर

सेलला हात लावता येत नाही, ते काम नेटवर्क मॅनेजरचं. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत: अपडेट रेट आणि जागा. सगळ्या उपकरणांना एक सेकंद लावून ठेवलेलं मी पाहते. पाण्याच्या टाकीच्या पातळीला एक सेकंद कशाला? ज्याला खरंच वेगवान रेट हवा ते उपकरण गेटवेपासून एका टप्प्यात येईल असं बसवा. सगळा मार्ग एकाच उपकरणावरून जात असेल तर त्याच्या आसपास आणखी एखादं बसवून वाट रुंद करा.

वायफायचं थोडक्यात. शेडमधल्या कॅमेऱ्यांचा आणि ऑफिसचा राउटर 'ऑटो' चॅनलवर ठेवू नका. १, ६ किंवा ११ वर पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. कॉन्टिकी-एनजी मुळात १५, २०, २५ आणि २६ हे चॅनल वापरतं, ते या तिघांच्या फटींत बसतात. राउटर ३ वर गेला की १५ झाकला जातो, १३ वर गेला की २५ आणि २६ दोन्ही.

झालं की नाही हे कसं ठरवायचं

नुसतं 'आता लाल होत नाही' यावर थांबू नका. किमान एक पूर्ण आठवडा, त्यात सुट्टीनंतरची पहिली पाळी आलीच पाहिजे, कारण तेव्हा सगळी यंत्रं एकदम सुरू होतात. रांग भरून टाकलेल्या पॅकेटचा काउंटर शून्य राहिला पाहिजे. रांगेची कमाल उंची ८ पैकी ४ च्या वर जाऊ नये. ती ६-७ पर्यंत जाऊन परत येत असेल तर आज गळत नाही इतकंच, पुढचं यंत्र जोडलं की गळेल. आणि शक्य असेल तर दोन भट्ट्या एकदम ओतायच्या दिवशी स्वतः शेडमध्ये उभं राहून बघा. मामांना आधी सांगून ठेवलं तर ते तो दिवस आनंदाने कळवतात.

साखर कारखान्यांत हाच हिशेब हंगामाच्या मापाने करावा लागतो. तिथं महिनोन् महिने नेटवर्क जवळजवळ मोकळं असतं, दुरुस्तीत नोड काढून कपाटात जातात आणि गाळप सुरू होताना सगळे एकदम परत लागतात, कधी आधीच्या जागी, कधी भलत्याच. दीड तासाची वाट पाहण्याचा नियम तिथं उपयोगी नाही, किमान सेल बांधून ठेवणंच बरं. बॉयलर पेटण्याच्या आठवडाभर आधी नोड जागेवर लावा, एकेका पॅरेंटखालचे गटागटाने चालू करा, आणि प्रत्येक पॅरेंटचा वाईट दिवसाचा हिशेब तेव्हाच्या नोडसंख्येवर पुन्हा मांडून बघा.